पांगारकोंड किती लांब

पांगारकोंड, ता. पोलादपूर
१९ नोव्हेंबर २०२३

महिपती,

आशीर्वाद लिहिते, घ्यायचा तर घे.

फोन तू उचलत नायस. तुझ्या भाच्याच्या, शुभमच्या मोबाईलवरून लावला तर माझं "अरे" ऐकूनच ठेवलास. म्हणून पत्र. फाडायचं तर खुशाल फाड, पण फाडायच्या आधी दोन ओळी वाचशीलच. लहानपणापासून चोंबडा हायस, मला ठाऊक नाय होय?

कामाचं बोलते. गावाला रस्ता येतोय. हसू नको. गेल्या साली कापड्याकडून डांबर वर चढायला लागलं तेव्हा आम्ही नारळ फोडला, पेढे वाटले, रंगूबाई तर रोलरला हळदकुंकू लावून आली. आणि रस्ता जावईपरतीच्या वळणाला येऊन थांबला. ठेकेदार म्हणाला, संपला. म्हटलं, संपला कसा मेल्या, गाव तर अजून आभाळात हाय! त्यानं कागद काढून दाखवला. कागदात पांगारकोंड खालच्या फाट्यापासून दीड किलोमीटर. तेवढा त्यानं करून दिला होता.

हे दीड कुणाचं, सांगू? आपलंच. काही वर्षांपूर्वी मोजणीला एक माणूस आला होता. ऐन मे महिना, बिचारा जावईपरतीला दगडावर बसला आणि लाकडं घेऊन उतरणाऱ्या रंगूबाईला त्यानं विचारलं, "आजी, गाव किती लांब?" आता रंगूबाई काय सांगणार? आपल्याकडं चढणाऱ्या माणसाला खरं अंतर कधी कुणी सांगितलंय? आईनं आपल्याला कान धरून शिकवलेलं, लांब म्हणायचं नाय, पाय तिथंच मोडतात. ती म्हणाली, "हे काय, आलंच. हाकेवर हाय." त्यानं वर तोंड करून हाक मारली. दरीच्या तोंडावर आमचं खाचर, तिथनं ह्यांनी ओ दिली! झालं. ऐकू येतंय म्हणजे जवळच, असं धरून तो पाणी पिऊन खाली उतरला. आम्ही सगळ्यांनी चांगुलपणा केला आणि तो सरकारी कागदावर चढला.

आता नवीन मॅडम आल्या, सेजल म्हणून. पोरगी चांगली हाय. यंत्र घेऊन आल्या, म्हणाल्या, मावशी, मी पूर्ण वाट चालणार. मी सोबत गेले. प्रत्येक वळणाला त्या विचारायच्या आणि मी सांगायची, "लई लांब हाय मॅडम, अजून अर्धंसुद्धा झालं नाय." जीभ जड होत होती, कुणाला शिव्या देतेय असं वाटत होतं. रंगूबाईनं तर कानावर पदर घेतला. पण सांगितलं. सात किलोमीटर भरलं.

नावं ऐकून मॅडमना मजा वाटली. जावईपरत का, तर कुणाचा तरी जावई बायकोला न्यायला आला, चढ बघितला आणि तिथनंच परत गेला, बायको माहेरीच राहिली. मग रडकी पायरी. मग खांदेपालट. बनुबाईच्या विसाव्याला आलो तेव्हा त्यांनी विचारलं, बनुबाई कोण? मी म्हटलं, पाणी प्या मॅडम, ऊन चढतंय.

तर मुद्दा हा. रस्ता त्या माळावरून जाणार. माळ सातबाऱ्यावर तुझ्या नावाचा. बाकी सगळ्यांनी संमती दिली, तुझी एकट्याची राहिलीय. त्या माळात तू कधी नाचणीचा दाणा टाकला नायस. रस्त्यापुरती पट्टी जाईल. कागद सोबत जोडलाय, सही कर आणि पाठव.

ह्यांची तब्येत बरी हाय.

हे मी खोटं लिहिलं, पण खोडत नाय, तसंच राहू दे. तब्येत बरी नाय. दोन्ही मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा महाडला नेऊन मशीनवर रक्त धुवून घ्यावं लागतं. वरून जावईपरतीपर्यंत खुर्चीला बांबू बांधून डोली, तिथनं पुढं युसुफभाईंची जीप. दोनदा खाली, दोनदा वर. मी तुझ्याकडं रस्ता मागते तो ह्यांच्यासाठी मागते.

आक्का

*

पांगारकोंड
७ जानेवारी २०२४

महिपती,

अनुपमाचा फोन आला. तू शेजारी बसून तिला बोलायला लावत होतास, मधेच "विचार तिला" ऐकू आलं. बायकोच्या तोंडून बोलायची पाळी आली होय रे तुझ्यावर?

अट समजली. माळाला आईचं नाव पडलंय ते पुसायचं. नकाशात ते येता कामा नये, गावातल्या कुणाच्या तोंडात येता कामा नये. "माझ्या आईला वाटेवर टाकलीत," असं तुझं म्हणणं. नाव गेलं की सही.

ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फोन ठेवला आणि भाकरी करायला बसले, तर पहिलीच करपली.

नाव मी पाडलेलं नाय. कुणीच पाडत नाय. तू ह्याच मातीतला, तुला सांगायला लागावं? डोलीतला माणूस ज्या जागी जातो त्या जागेला त्याचं नाव लागतं. गणूचा कातळ, काशीचं टेपाड, सगळी अशीच माणसं हायत. आणि डोलीत आजारी माणूस असला की ती नावं कुणी उच्चारत नाय, नुसतं "पुढचा खांदा, पुढचा खांदा" म्हणतात. आईच्या वेळी पण तेच म्हणत होते. त्या माळावर तीच म्हणाली, खाली ठेवा जरा. ठेवली. दोन घोट पाणी प्याली, माझा हात धरला, आणि संपलं.

दुसऱ्या दिवशी तू आलास आणि सगळ्या गावासमोर म्हणालास, "आक्का, आईला तू ह्या डोंगरात मारलीस." नऊ वर्षं होतील आता. मी ते गिळलं नाय, अजून घशाशी हाय.

तुला ती मुंबईला हवी होती. तिला जायचं नव्हतं. मी तिला बांधून ठेवली नव्हती. "चौथ्या मजल्यावर मी कोंबड्या कुठं सोडू," म्हणायची. तू दोनदा नेलीस, दोनदा ती आठवड्यात परत आली, वीर स्टेशनला उतरून एकटी, डोक्यावर बोचकं. मी दारात उभी राहून म्हटलं, ये. ह्यात माझं काय चुकलं? आज पण ती तशीच आली तरी मी ये म्हणेन.

बरं. ह्यांच्यासाठी मी कुणाच्या पण नाकदुऱ्या काढीन, तर तुझ्या का नाय? नाव पुसून बघते.

आक्का

*

पांगारकोंड
२४ मार्च २०२४

महिपती,

बघितलं पुसून. ऐक.

होळीच्या आधी बायकांना अंगणात बोलावलं. म्हटलं, आजपासून त्या जागेला नुसतं माळ म्हणायचं. सगळ्या हो म्हणाल्या. राहीबाईनं विचारलं, "कुठल्या माळाला गो?" रंगूबाई म्हणाली, "अगो, बनुबाईच्या!" मी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी पोरं ओरडत आली, बैल सुटला, नुसत्या माळावर गेला. कुठला नुसता माळ, चार माळ हायत! बैल संध्याकाळी सापडला, आईच्याच माळावर चरत होता. राहीबाई मला म्हणाली, "तुळसा, तुझ्या भावाला सांग, आमच्या तोंडाला कुलूप लावायला त्यानं स्वतः यावं."

मी तरी नेट लावणार होते. घरोघर जाणार होते, मॅडमना नकाशातून नाव काढायला सांगणार होते. तेवढ्यात पायरीवरची गोष्ट झाली.

गावात खांद्याला माणूस राहिला नाय, हे तुला कळवलं नव्हतं. तरणे सगळे मुंबईला नायतर गुजरातला. शुभमला कारखान्यात सुट्टीच्या दिवशीच येता येतं. पूर्वी आपण चार खांदे बदलून जावईपरत गाठायचो. आता खांदेकरी म्हातारे, पावलागणिक थांबतात, तीच वाट नऊ खांद्यांची झालीय. वाट वाढली रे महिपती. दिवाळीपासून आम्ही बायका पण खांदा देतो. मी, राहीबाई, तिची सून. माझ्या उजव्या खांद्याला घट्टा पडलाय, ब्लाउज सैल शिवून घेतलाय. हे पण तुला लिहायचं नव्हतं.

पंधरा दिवसांमागं रडक्या पायरीवर राहीबाईचा पाय घसरला. डोली कलंडली. हे खुर्चीसकट कातळावर गेले, कपाळ फुटलं, डोळे पांढरे झाले. मी ओरडत होते तरी मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. डोळ्यांसमोर एकच, की आता ह्या पायरीला ह्यांचं नाव लागणार, आणि जन्मभर मला त्या नावावरून चढ-उतार करायचीय.

थोड्या वेळानं डोळे उघडले. म्हणाले, "जीप निघून जाईल, उचला." असला माणूस.

युसुफभाईंनी कपाळ बघितलं. दुसऱ्या वेळेपासून ते जीप खाली लावून स्वतः चढून येतात आणि खांदा देतात. साठीचा माणूस, हलिमाभाभी घरी त्यांच्या कमरेला शेक देते. त्यांचं आपलं नातं काय? आणि तू सख्खा.

घरी आल्यावर मी चुलीपुढं बसून ठरवलं. ह्या वाटेवर आता एक पण नाव वाढू द्यायचं नाय. आणि हायत त्यातलं एक पण पुसायचं नाय. माणसं गेली, ती विसरायची नसतात, म्हणून तर पुढच्यांना वाचवायचं असतं. आईचं नाव राहणार. तुझी अट मी मोडली. सही देतोस तर दे, नायतर मी दुसरं बघते.

आक्का

*

महाड
१८ ऑगस्ट २०२४

महिपती,

पावसाळ्यात डोली उतरत नाय म्हणून महाडला खोली घेऊन राहिलोय, युसुफभाईंच्या आळीत. आता तू म्हणशील, मग तिथंच रहा की कायमची. सगळे तेच सांगतात. डॉक्टरांनी सांगितलं, शुभमनं सांगितलं. मी पण ह्यांना म्हटलं, राहूया.

 हे सकाळी उठून खिडकीत बसतात. खिडकीसमोर दुसऱ्या घराची भिंत हाय, ती बघतात. जेवण अर्ध्यावर आलंय. परवा विचारलं, काय हवं? म्हणाले, "खाचरातलं पाणी कुणी काढलं असेल का गो?" मशीननं रक्त धुतलं जातंय, पण माणूस आतून वाळत चाललाय. तेव्हा मला आई दिसली, ते बोचकं घेऊन परत येणारी. मी तेव्हा पण बरोबर होते आणि आता पण बरोबर हाय. ह्यांना घरी न्यायचं आणि तिथनं गाडीत बसवून दवाखान्यात आणायचं. दोन्ही करायचं. त्यात वाईट काय मागतेय मी?

अनुपमाचा फोन आला होता, तुझ्या माघारी केलेला. रागावू नको तिला. ती म्हणाली, नावाचं निमित्त हाय. खरं म्हणजे त्या जागेवरून डांबर जाणार, रोलर फिरणार, गाड्या धावणार, हे तुला सोसवत नाय. रात्री उठून बसतोस म्हणाली. आई शेवटची जिथं टेकली तिथं चाक लागता कामा नये, असं बोललास म्हणे एकदा तिच्याजवळ.

एवढंच होतं तर मला बोलायचं होतंस, मुडद्या! मी काय दगड हाय? तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं रे. त्या गवतावरून चालताना आज पण मी वहाणा काढते. नऊ वर्षं तू रागाचं सोंग घेऊन बसलास आणि मी त्याच रागाला उत्तरं देत बसले.

दोन दिवस रडले. सेजल मॅडमना फोन लावला आणि एक गोष्ट विचारली. त्या म्हणाल्या, होईल मावशी, पण नुकसान तुमचं आहे, विचार करा. विचार केला.

काय ते आत्ता लिहीत नाय. मी जोडलेला कागद परत पाठवू नकोस, तसाच राहू दे.

आक्का

*

पांगारकोंड
९ फेब्रुवारी २०२५

महिपती,

रस्ता आला.

काल दुपारी युसुफभाईंची जीप आमच्या अंगणात उभी राहिली. रंगूबाईनं तिला पण हळदकुंकू लावलं, काच पुसायला बिचाऱ्यांना अर्धा तास लागला. आज मशीनचा दिवस होता. हे इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या सीटवर बसले, स्वतःच्या पायांनी चढून. दार लावताना युसुफभाईंनी विचारलं, "शेठ, निघायचं?" शेठ म्हणे! ह्यांना हसू आवरेना, आणि मग हसता हसता रडायलाच लागले. मी मागं बसले होते, माझी पण तीच गत.

आता ऐक, कसा आला ते. तुझ्या माळावरून आला नाय. माळाच्या खालून वळसा घेऊन आला. जास्तीचं वळण पडलं. ते वळण आमच्या खाचरातून जातं, दरीच्या तोंडावरच्या. झऱ्याचं पाणी असलेलं ते एकच होतं, वर्षाचं भात त्यातच व्हायचं. संमतीच्या कागदावर सही ह्यांना करायची होती. मी कागद पुढं ठेवला आणि तोंड फिरवून उभी राहिले, कारण ते खाचर ह्यांनी लग्नाच्या आधी स्वतः दगड लावून बांधलेलं. खिडकीतून त्याचंच पाणी आठवत होते ना.  मग म्हणाले, "तुझ्या आईनं मला जावई नाय, पोरगा मानलं. तिच्या अंगावरून रस्ता नको." आणि सही केली. नाव पूर्ण लिहिलं.

भात आता रेशनचं खातो. जाड असतं, ह्यांना चालतं. मला चालत नाय, पण खाते. जेसीबी खाचरात उतरला त्या दिवशी मी घराबाहेर आले नाय, एवढं तुला सांगून ठेवते. देवमाणूस-बिवमाणूस मला म्हणू नको, वाईट वाटलंच. अजून वाटतं.

माळ तसाच हाय. गवत गुडघ्याएवढं वाढलंय, मधे एक करवंदीची जाळी आलीय. नकाशात मॅडमनी नाव घातलंय, बनुबाईचा विसावा, आणि त्याला रस्त्याची रेघ शिवत नाय, बाजूनं जाते. खाली गाड्यांचा आवाज येतो, पण वर चाक लागत नाय.

हे सगळं तुला उपकार म्हणून सांगत नाय. तुझ्यासाठी केलं नाय, ह्यांच्यासाठी केलं, आणि थोडं आईसाठी. तुझं त्यात आपोआप झालं.

तो संमतीचा कागद आता चुलीत घाल. तुझी सही नको. तुझा माळ नको, तुझी परवानगी नको, कुणाच्या तोंडातलं कुठलं नाव तुझ्यासाठी पुसायचं नाय. गेलं सव्वा वर्ष प्रत्येक पत्रात मी तुझ्याकडं काहीतरी मागत होते. तू न येण्याचं ते एक कारण होतं, कबूल करते, मागणाऱ्या बहिणीच्या दारात कोण येतो? आता माझं तुझ्याकडं कसलंही काम उरलेलं नाय, महिपती.

म्हणून आता म्हणते. ये.

आक्का